विश्राम, तू हानेगावाकडे कधी गेलास?

विश्राम, शनिवारी जायचं होतं तर गुरुवारी मला "रविवारी ये, सांगतो" असं म्हणायला नको होतं. ही वाद घालण्याची पद्धत नव्हे. आपण इतकी वर्षं एकाच गोष्टीवरून भांडलो: कुरोमात्सू मोठा की हानेगावा मोठा. तू कुरोमात्सूचा, मी हानेगावाचा. मोर्चे झाले, हरताळ झाले, मंत्री आले आणि गेले, आपल्या बाजू हलल्या नाहीत. आणि त्या गुरुवारी इस्पितळातल्या खाटेवरून, कूस बदलावी इतक्या सहज तू म्हणालास, "मोऱ्या, मी बाजू बदलली. आता मी हानेगावाचा."

मी म्हटलं, "ताप आहे का तुला?"

"ताप नाही. छातीचं दुखणं आहे, डोक्याचं नाही."

"मग कारण सांग."

"आता नको, ती नर्स डोळे वटारतेय. रविवारी निवांत ये. आणि येताना केळी आणू नकोस. इथे जो येतो तो केळीच आणतो, मला काय माकड समजलेत काय?"

मी केळी न आणण्याचं कबूल केलं आणि घरी आलो. रविवारी मला यावं लागलं नाही.

तेव्हापासून मी ते 'का' घेऊन हिंडतो आहे. लोकांना वाटतं, मोरेश्वर फार खचला. खचलो आहेच. पण खरं सांगायचं तर दुःखाला मी तयार होतो, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. कुतूहलाला तयार नव्हतो. माणूस जाताना घड्याळ ठेवून जातो, छत्री ठेवून जातो. तू एक अर्धवट वाक्य ठेवून गेलास, आणि मी पडलो प्रुफं तपासणारा माणूस. अर्धवट वाक्य दिसलं की मला झोप येत नाही.

हे वाचणाऱ्यांना ते दोघे कोण हे सांगायला हवं. तुला माहीत आहे, तेव्हा मध्ये बोलू नकोस. कुरोमात्सू आणि हानेगावा हे जपानी पैलवान. फ्रीस्टाइल कुस्त्यांचं वेड मुंबईत शिरलं, तेव्हा दर मोसमात वरळीच्या उघड्या स्टेडियमात ते यायचे. कुरोमात्सू म्हणजे डोंगर. जाहिरातीत त्याला 'जपानचा पोलादी पर्वत' म्हणत. उघड्या पंजाने तो समोरच्याच्या छातीवर असा फटका मारायचा की तो आवाज वरच्या पायरीपर्यंत यायचा. तो नेहमी जिंकायचा. हानेगावा त्याच्या निम्म्याने, सडपातळ, कान चुरगळलेला, चेहरा पोस्टमनसारखा. तो नेहमी हरायचा. आपल्या पंजाबी पैलवानांकडून हरायचा, हंगेरीच्या पैलवानाकडून हरायचा, आणि मोसमाच्या शेवटी कुरोमात्सूकडून हरायचा. पण असा हरायचा की त्याला हरवणारा माणूस दुसऱ्या दिवशी मुंबईचा लाडका झालेला असे.

तुझी माझी ओळखही तिथेच झाली. तू माझ्या शेजारच्या जागेवर होतास आणि माझ्या जागेचा बराचसा भागही तुझ्याकडे होता. खिशात शिट्टी होती. म्युनिसिपालिटीच्या शाळेतले ड्रिल मास्तर शिट्टी कुस्तीलासुद्धा घेऊन येतात हे मला तेव्हा कळलं. कुरोमात्सू दोरांच्या रिंगणात चढला आणि त्याने मूठभर मीठ चारी बाजूंना फेकलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, दृष्ट काढतोय स्वतःची!" आणि तू उठून उभा राहिलास, दोन्ही हात तोंडाशी धरून गरजलास, "मोहऱ्या विसरलास रे!"

लालबाग-परळची अख्खी पायरी हसली. मी माझ्या वाचनाच्या आधारावर तुला सांगू लागलो की ही त्यांची जुनी चाल असावी, जागा शुद्ध करायची.

"शुद्ध कशाला?" तू म्हणालास. "मघाशीच झाडू मारलाय. मी बघितला."

त्याच संध्याकाळी ती कुस्ती झाली, जिच्यावरून आपलं सगळं सुरू झालं. कुरोमात्सूने हानेगावाला कमरेतून उचललं, छातीपर्यंत नेलं, मग एक हिसका देऊन डोक्याच्या वर धरलं आणि तसंच धरून रिंगणाची फेरी मारली. लोक बाकांवर चढले. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलं. फेरी संपल्यावर त्याने हानेगावाला आपटलं, पंचाने तीनदा हात आपटला, कुस्ती निकाली झाली.

बाहेर पडताना मी म्हणालो, "उडी त्याने मारली."

"कोणी?"

"हानेगावाने. उचलायच्या आधी त्याने गुडघे वाकवले आणि उडी मारली. वर गेल्यावर हात त्याच्या खांद्यावर टेकून स्वतःचा तोल स्वतः सांभाळला. अर्धी कमाई त्याची आहे."

तू थांबलास. मला वाटलं आता मला डोक्यावर धरून वरळीची फेरी मारतोस. पण तू फक्त म्हणालास, "नाव काय तुमचं?"

"मोरेश्वर."

"राहायला?"

"गिरगाव."

"वाटलंच," म्हणालास आणि दादरपर्यंत बोलला नाहीस. दादरला आल्यावर मात्र म्हणालास, "पुढच्या शनिवारी येणार ना? तुम्हाला शिकवावं लागेल."

तुझं शिकवणं साधं होतं. तू लालबागच्या तालमीच्या हौद्यात वाढलेला. तिथे कुस्तीचा निकाल एकच: पाठ लागली की गेला. पाठ लागलेला माणूस उठतो, अंगावरची माती झटकतो आणि कुणाच्या नजरेला नजर न देता कपडे उचलायला जातो. तू म्हणायचास, "सुंदर पडला, असं तालमीत कोणी म्हणत नाही रे. पडला म्हणतात." मी म्हणायचो की ही फ्रीस्टाइल कुस्ती आधी ठरलेली असते, आणि जिंकणं ठरवून दिलेलं असेल तर जिंकण्यात मोठेपणा कसला? मग कसब उरतं ते पडण्याचं. यावर तुझं उत्तर असे, "पडण्याचं कसब असतं तर माझा सासरा पद्मश्री झाला असता. रोज मोरीत पडतो."

आणि वरून, "ठरलेली असते हे तुला कोणी सांगितलं? तू होतास ठरवायला?"

नव्हतो. तिथे माझी बाजू नेहमी लंगडी पडायची.

ते दिवसच असे होते की सगळ्यांना बाजू होती. लालबागच्या भिंतीवर एकावर एक पोस्टरं डकवलेली. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पोस्टरवर कुस्तीचं पोस्टर अर्धवट चिकटवलेलं, आणि ते एकत्र वाचलं की व्हायचं: 'मुंबई आमची... विरुद्ध जपानचा पोलादी पर्वत'. तू ते वाचून म्हणालास, "मग मुंबई गेली समज."

तरी तू एक मोर्चा चुकवला नाहीस. मी मात्र मोर्चात चालताना शेजाऱ्याच्या घोषणेतलं व्याकरण बघत असे, असा तुझा आरोप होता, आणि तो सपशेल खोटा नव्हता. शिवाजी पार्कच्या सभांना आपण दोघं जायचो. तिथेही तू वक्त्यांची वाटणी करायचास. एक वक्ता उठला, टेबलावर पंजा आपटला, लोकांनी टाळ्या पिटल्या, की तू माझ्या बरगडीत कोपर खुपसून म्हणायचास, "कुरोमात्सू." मग एखादा सुकलेला म्हातारा उठायचा, आकडे वाचून दाखवायचा, लोक शेंगदाण्यांच्या पुड्या सोडायचे. "घे, तुझा हानेगावा आला." मी म्हणायचो की पहिल्याला टाळ्या मिळाव्यात म्हणून कुणीतरी आकडे गोळा करून दिलेच असतील ना. तू म्हणायचास, "मोऱ्या, तू राज्य आलं तरी विचारशील, पेढे कोणी वळले."

विचारलं नाही. राज्य आलं तेव्हा तू गेलेला होतास, आणि पेढ्यांबद्दल मला काही सुचलं नाही.

संचारबंदी लागली तेव्हा तू गिरगावात अडकलास आणि माझ्या घरी राहिलास. गोळीबाराच्या बातम्या येत होत्या, खिडक्या बंद, खाली शिपायांचे बूट. माझी आई देवापाशी बसून होती. मग तूच उठलास, बैठकीवरचा लोड उचललास, म्हणालास, "हा हानेगावा," आणि त्याला धोबीपछाड घातलीस. मग ढाक. मग कलाजंग. बिचारा लोड माझ्या माणसासारखाच दर वेळी नीट पाठीवर पडत होता. आई आतून आली.

"विश्राम, लोड फाटला तर आतला कापूस तुझ्या तोंडात कोंबीन."

"आई, तुमच्या मुलाला सांगा ना, हा पडतोय की मी पाडतोय?"

आईने लोडाकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला दिसतंय ते एवढंच, की घाम तुला आलाय." त्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसलेलं मला तेवढं एकदाच आठवतं. आईने तुला मुगाची खिचडी दोनदा वाढली. मला एकदा.

आता त्या मासिकाबद्दल. हे मी लिहू नये असं तुला वाटलं असतं, पण तू मला अर्ध्यावर सोडलंस तेव्हा हे मला लिहावं लागणार.

कॉटन ग्रीनला एका जपानी कापूस कंपनीच्या कचेरीत आपले रेगे कारकून होते. त्यांच्या साहेबाकडे जपानहून चित्रांची मासिकं यायची आणि वाचून झाली की रेगे ती घरी न्यायचे, कपाटात अंथरायला. एकदा त्यांनी मला एक अंक आणून दिला. त्यात मधल्या पानांवर आपले दोघे पैलवान! पानाच्या वरच्या पट्टीत कुरोमात्सूची छायाचित्रं, खालच्या पट्टीत हानेगावाची, पानामागून पान. दोघांची कारकीर्द शेजारी शेजारी लावलेली. अक्षर एक कळत नव्हतं. पण छायाचित्रं कळत होती, निदान आपल्याला तसं वाटलं.

आपण ते मासिक पाठ केलं. हानेगावाच्या पट्टीत सुरुवातीलाच कमरेला पट्टा, गळ्यात हार, शेजारी टोपीवाले प्रतिष्ठित लोक. मग मधल्या पानांत साध्या कुस्त्या. मग पाठीवर पडलेला. आणि शेवटच्या चित्रात एका अंगणात बादली घेऊन उभा. मी त्यावरून जो सिद्धांत बांधला तो मला अजूनही आवडतो. हा माणूस आधी विजेता होता. मग त्याला जिंकण्याचा वीट आला. मग तो दुसऱ्यांसाठी पडू लागला, आणि शेवटी सगळं सोडून आश्रमात पाणी भरू लागला. मी आमच्या वाचनालयात यावर भाषणही दिलं. लोकांनी माना डोलावल्या.

तुझी पंचाईत वेगळी होती. कुरोमात्सूच्या पट्टीत तो पानागणिक बारीक होत चालला होता. पहिल्या पानावर सुटाबुटातला डोंगर, शेवटच्या पानावर हाडं दिसणारा पोरगा. मी विचारलं, हे काय? तू ड्रिल मास्तर. छाती पुढे काढून म्हणालास, "वजन उतरवलंय. याला साधना म्हणतात. तुला नाही कळायचं."

"आणि मिशीही गेली?"

"तीही उतरवली."

पुढे एकदा रेग्यांनी आपल्याला कचेरीत नेलं. साहेब भला माणूस. बिनदुधाचा चहा दिला. तू तो औषध घ्यावं तसा डोळे मिटून घेतलास. मी मासिक पुढे केलं आणि आपला सिद्धांत रेग्यांमार्फत सांगू लागलो. साहेबांनी ऐकलं. मग मासिक माझ्या हातून घेतलं, मिटलं, पालथं केलं, आणि जे आपल्याला शेवटचं पान वाटत होतं तिथून उघडून माझ्यापुढे ठेवलं.

त्यांची पुस्तकं त्या बाजूने सुरू होतात.

आपण दोन माणसांची आयुष्यं उलटी वाचत होतो. बादलीवाला हानेगावा हा तालमीत नुकताच आलेला, थोरल्या पैलवानांच्या आंघोळीचं पाणी भरणारा पोरगा होता. पट्टा आणि हार हे शेवटचं पान. म्हणजे तो मुंबईत येऊन पडत होता त्या दिवसांत, तिकडे घरी, विजेता होता. आणि हाडं दिसणारा कुरोमात्सू हा कुठल्याशा खेड्यातला उपाशी पोर, जो पुढे डोंगर झाला.

तू साहेबांना विचारलंस, "मग तुम्हीच सांगा, यांच्यात मोठा कोण?"

साहेबांनी बराच विचार केला. रेग्यांनी भाषांतर केलं, "ते म्हणतात, त्यांनी कुस्ती कधी पाहिलेली नाही. त्यांना बेसबॉल आवडतो."

परत येताना रस्त्यात मला हसू आवरेना. तुला मात्र हसू येत नव्हतं. तू म्हणालास, "कमरेला पट्टा आहे. घरी राजा आहे. आणि इथे येऊन आपल्या लोकांसमोर पाठ लावतो? पैशासाठी म्हण, ठरलंय म्हणून म्हण. पण मग ती पाठ खोटी. आणि जो पाठ खोटी लावतो त्याचं काहीच खरं नाही." मी म्हणालो की उलट, तो आणखी मोठा ठरला. घरी राजा असलेला माणूस परमुलखात हरायला तयार होतो, याला जिंकण्यापेक्षा जास्त छाती लागते. तू म्हणालास, "मी मेलो तरी हे मानणार नाही."

तू हे शब्द म्हणाला होतास, विश्राम. म्हणूनच तू मरण्याआधी दोन दिवस ते कसं मानलंस, हे मला कळायला हवं होतं.

तुझं पडणं मी पाहिलं नाही. शाळेच्या पटांगणात मुलांना लेझीम शिकवता शिकवता तू खाली गेलास. तू डॉक्टरांना सांगितलंस, "पडलो नाही, बसलो." हेडमास्तर म्हणाले, उताणा होता. त्यावर तू त्यांच्याशी खाटेवरून भांडलास की पाठ पूर्ण टेकली नव्हती, एक खांदा वर होता. मी तिथेच होतो. मी तुझ्या बाजूने साक्ष दिली. मी पाहिलं नव्हतं, पण तेवढं चालतं.

मग तू गेलास, आणि मग तालमीने शोकसभा केली. अध्यक्ष कोण हे सांगत नाही. तुला माहीत असलेल्यांपैकी जो सगळ्यात लांब बोलतो तो. त्याने तुला 'संयुक्त महाराष्ट्राचा मल्लवीर' केलं. तुझ्या मोर्चातल्या जागा त्याने अशा वर्णन केल्या की तू एकटाच चालत होतास आणि बाकीचे बघत होते. मग म्हणाला, "मास्तरांनी आयुष्यात कधी बाजू बदलली नाही." मी मागच्या रांगेत होतो. मला उठून सांगावंसं वाटलं की गुरुवारी बदलली, मी साक्षीदार आहे. उठलो नाही. शोकसभेत वस्तुस्थिती सांगणाऱ्याला चहा मिळत नाही.

सभेनंतर मी वस्तादांना विचारलं. वस्ताद म्हणाले, शेवटी शेवटी माणसाची बुद्धी फिरते. हे मला पटलं नाही. ज्याची बुद्धी फिरली तो केळ्यांबद्दल इतका शहाणपणाने बोलत नाही. रेग्यांना विचारलं. रेगे म्हणाले, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील हो." हे तर मुळीच शक्य नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून तू कधी चहासुद्धा गोड केला नाहीस.

शेवटी वहिनींकडे गेलो. तुझ्या खोलीत तुझी मुद्गलं कोपऱ्यात उभी होती आणि त्यांच्यावर वहिनींनी टॉवेल वाळत टाकला होता. मी आडून आडून विचारलं, शेवटच्या दिवसांत त्या जपान्यांबद्दल काही बोलला का?

"नाय ओ भावजी. त्या दोघांचा नावसुद्धा काडूक नाय." मग चहा गाळता गाळता त्या आपल्याच नादात बोलत राहिल्या. तुला खाटेवरून उतरायची बंदी होती. छातीचा फोटो काढायला न्यायचं तर उचलून ढकलगाडीवर ठेवावं लागे. "सुरवातीक तिघे लागत. हे आंग असा ताठ करीत की खाट हलायची, पण हे हलनत नसत. कोणी उचललेला तेंका आवडनाच नाय. एकाची तर कंबर धरली. मगे तो एक वाळलेलो वॉर्डबॉय होतो, तो म्हणालो, 'मास्तर, माझ्याशी कुस्ती कशाला खेळताय? मी तुमच्याच बाजूचा आहे.' त्या दिवसापासून हे शिकूक लागले."

"काय शिकायला लागला?"

"उचलून घेऊक." वहिनींनी कप माझ्यापुढे ठेवला. "श्वास कधी सोडूचो, हात खंय घालूचो, मान कशी टेकूची. शाळेत पोरांका शिकवीत तसा त्या वॉर्डबॉयकच मोजूक लावीत, एक, दोन, हां आता. मगे तो वाळलेलो एकटोच उचलून ठेवी. बुधवारी माका म्हणाले, 'गो, उचलणाऱ्याचा अर्धा काम उचललेल्यान करूचा लागता. ह्या माका आजवर कोणी शिकवूक नाय.' मी म्हटलंय, बरा झाला, आता घरी चला आणि शाळेत शिकवा."

बुधवारी. मी आलो तो गुरुवारी.

चहा प्यालो. त्यात साखर होती, तरी मला लागली नाही. विश्राम, तू वरळीच्या त्या कुस्तीकडे परत गेलास ना? खाटेवर पडल्या पडल्या तू हानेगावाच्या जागी जाऊन पाहिलंस. गुडघे कधी वाकवायचे, श्वास कधी सोडायचा, हात कुठे टेकायचा, दुसऱ्याच्या ताकदीवर आपला भार नेमका कधी सोपवायचा. जन्मभर कुणाला उचलू न दिलेल्या माणसाला ते खाटेवर करून पाहावं लागलं, आणि करून पाहिल्यावर त्यातलं कसब दिसलं. मी ते पायरीवर बसून म्हणालो होतो. म्हणणं सोपं होतं, मला कुणी उचललं नव्हतं.

हा माझा तर्क. तू नाही म्हणायला इथे नाहीस, ही माझी मोठी गैरसोय आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "गिरगावात बसून माझ्या मनातलं लिहितोस काय?" आणि मला दोन दिवस नवीन मुद्दे शोधावे लागले असते. वाद जिंकल्यावर असं रिकामं वाटतं हे मला माहीत नव्हतं. यापूर्वी कधी जिंकलो नव्हतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

त्या शनिवारी तुला इस्पितळातून घरी आणलं, आंघोळ घातली, आणि मग खाली न्यायचं होतं. तिरडी खाली अंगणात बांधून तयार होती. तुमच्या चाळीचा जिना तुला ठाऊक आहे: मध्ये वळण, आणि वळणावर पाण्याचं पिंप. चादरीत घालून तुला चौघांनी धरलं. डोक्याकडच्या बाजूला मी, कारण मी पुढे होऊन म्हणालो, मी धरतो. मला आजवर पुस्तकांच्या गठ्ठ्यापलीकडे काही उचलायची सवय नाही. पहिल्या काही पायऱ्या ठीक गेलं. वळणावर पायाकडचे दोघे खाली उतरले, चादर तिरकी झाली, आणि तुझा भार सरकून एकदम कमी-जास्त झाला. वरून सगळी चाळ ओरडत होती, "वाकडा घ्या, वाकडा! पिंप सांभाळा! मास्तरांचं डोकं सांभाळा!" शेजारचा बंडोपंत कण्हत म्हणाला, "मास्तर भारीच जड हो." माझा खांदा भिंतीवर घासला, चष्मा नाकावरून सुटला.

तुझं ओझं मला माहीत होतं असं मला वाटत होतं. तू माझ्या खांद्यावर हात टाकून मोर्चात चालला होतास, बसमध्ये माझ्यावर रेलून झोपला होतास. पण त्या सगळ्या वेळी तू मला मदत करत होतास, हे मला माहीत नव्हतं. आपला तोल आपण सांभाळून, उरलेला तेवढा माझ्यावर टाकत होतास. त्या वळणावर तू काहीच केलं नाहीस. तुझं सगळंच्या सगळं वजन माझ्या दोन हातांत आलं. त्यातला अर्धा तर सोड, गुंजभरही भार तू उचलला नाहीस.

आणि तेव्हा, अगदी नको त्या वेळी, मला कुरोमात्सू दिसला. त्याची फुगलेली मान, थरथरणाऱ्या पोटऱ्या, दातांत धरलेला ओठ. मी इतकी वर्षं ज्याला नाटक म्हणत आलो तो त्याचा चेहरा. हानेगावाने अर्धं काम केलं असेल, मान्य. तू शेवटी मानलंस, तर मी काय नाकारू? पण दुसरं अर्धं त्या माणसाने केलं, आणि ज्या रात्री समोरचा थकलेला असेल, दुखावलेला असेल, उडी मारायला विसरला असेल, त्या रात्री त्याने ते सगळंच केलं असेल. आणि कुणाला कळू न देता फेरी पुरी केली असेल. याचा मी एकदाही विचार केला नव्हता. करायची गरज पडली नव्हती. मीही कधी कुणाला उचललं नव्हतं.

आपण तुला खाली आणलं. मी 'आपण' लिहिलं, सवयीने. आम्ही तुला खाली आणलं. पिंप सांडलं नाही. अंगणात तुला ठेवल्यावर मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि लोक म्हणाले, मोरेश्वरला रडू येत नाहीये. श्वास येत नव्हता, रडणार कुठून?

तेव्हा विश्राम, ऐक. मीही बाजू बदलली. तू हानेगावाचा झालास तर मला हानेगावाचा राहून चालणार नाही, एका बाजूने दोघे बसले तर वाद कसला? पण एवढ्यासाठी बदलली असं समजू नकोस. मला तो जिना उतरताना पटलं म्हणून बदलली. आजपासून कुरोमात्सू माझा. मिठासकट, सुटाबुटासकट, टेबलावर पंजे आपटणाऱ्या सगळ्या वक्त्यांचा जुना राग बाजूला ठेवून.

तू म्हणशील, पुरावा दे. देतो. माझा पहिला मुद्दा हा, की जिन्याच्या वळणावर तू मला जरासुद्धा मदत केली नाहीस, आणि मी तुला सोडलं नाही.